सुटीवर गेलेली बॅग

सुटीवर जायचं ठरलं, तिकिटं हातात आली, आणि मग चेनवाल्यांच्या लक्षात आलं की आपल्या घरात एकही बॅग नाही.

त्यांना सगळे चेनवालेच म्हणत. बॅगांच्या चेन, हँडलं, कुलपं, चाकं दुरुस्त करायचं त्यांचं छोटं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागेच घर. उभं आयुष्य दुसऱ्यांच्या बॅगा प्रवासाला लायक करून देण्यात गेलं. स्वतःचा प्रवास म्हणावा असा घडलाच नव्हता. लग्न झाल्यावर दोघांनी कुठेतरी जायचं ठरलं होतं, पण तेव्हाच दुकान सुरू झालं. मग लेक झाली. मग लेकीची शाळा, लेकीची आजारपणं, लेकीचं लग्न. ती सासरी गेली आणि तिथून तिने आणि जावयाने मिळून आईबाबांसाठी तळ्याकाठच्या एका हॉटेलात खोली ठरवून टाकली.

"या वयात? लोक काय म्हणतील!" बायको म्हणाली.

"म्हणू देत. आणि आई, बाबांची हातोडी घरीच राहील एवढं बघ," लेक फोनवर म्हणाली.

दुकानात बॅगांचा ढीग होता, पण त्या गिऱ्हाइकांच्या. गिऱ्हाइकाच्या बॅगेत आपला रुमालसुद्धा ठेवायचा नाही, हा चेनवाल्यांचा नियम होता. तो त्यांनी कधी मोडला नव्हता. नवी बॅग विकत घ्यावी तर तेही मन घेईना. बाजारातली प्रत्येक बॅग त्यांना आतून माहीत होती, त्यामुळे एकीवरही विश्वास नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी ते माळ्यावर चढले. तिथे लोक विसरून गेलेल्या बॅगा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या असत. त्यात एक गडद लाल, पितळी कडांची बॅग होती. फार देखणी. तिचं हँडल त्यांनीच नवं बसवलं होतं, मोडलेली चौकट सरळ केली होती, आणि मग मालक फिरकलाच नव्हता. इतक्या वर्षांत आला नाही तो आता काय येणार? आठवडाभर वापरू, पुसूनबिसून परत ठेवू, असा हिशेब करून चेनवाले बॅग खाली घेऊन आले आणि फडक्याने पुसू लागले. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"ही कोणाची हो?"

चेनवाल्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यामुळे तोंडाला आलं ते बाहेर पडलं.

"तुझी."

"माझी?"

"म्हणजे भेट. सुटीसाठी. आणली."

बायकोने कप खाली ठेवला. बॅगेवरून हात फिरवला. चेन उघडली, लावली, परत उघडली. आत अस्तरावर पिवळ्या दोऱ्याने भरलेलं एक छोटंसं फूल होतं. त्यावरून तिने बोट फिरवलं.

"फूल पण आहे."

"असतं. कंपनीचंच असतं ते."

"छान आहे हो," ती म्हणाली. ते तिने इतक्या हळू म्हटलं की आता खरं सांगायची सोयच उरली नाही. तिला आजवर त्यांनी भेट म्हणून काही दिलेलं नव्हतं. गरज पडली की वस्तू येत. भेट अशी नाही.

प्रवासभर बायकोने बॅग कोणाला उचलू दिली नाही. हॉटेलचा माणूस हात पुढे करायला लागला तर "राहू द्या, माझी आहे," म्हणून तिने ती स्वतः जिन्यावरून वर नेली. खोलीत गेल्यावर पलंगाखाली ठेवायच्या ऐवजी खिडकीजवळच्या खुर्चीत बसवली. एकच खुर्ची होती. चेनवाले पलंगाच्या काठावर बसले आणि बॅग खुर्चीत बसून तळं बघत राहिली.

पहिलं वाईट झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, न्याहारीला. जेवणघर मोठं होतं. खिडक्यांना पांढरे पडदे, टेबलांवर पांढरी कापडं. बायको पावाला लोणी लावत होती. चेनवाल्यांनी सहज मान वर केली आणि पलीकडच्या टेबलावर त्यांना बॅगेचा मालक दिसला.

चूक होणं शक्यच नव्हतं. त्यांच्याच भागातले दातांचे डॉक्टर. गोरे, बुटके, गोल, मिशी नाही. दुकानात आले होते तेव्हा एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात बॅग होती. आता समोर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. डॉक्टरांनीही त्याच क्षणी मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. चेनवाल्यांनी पदार्थांचं कार्ड तोंडापुढे धरलं, आणि कार्डाच्या कडेवरून पाहिलं तर डॉक्टर चमचा शोधायला टेबलाखाली गेले होते. ते बराच वेळ वर आले नाहीत.

"काय झालं हो?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"कार्ड उलटं धरलंय."

"दाढ दुखतेय," चेनवाले म्हणाले आणि गालावर हात ठेवला. चेहरा झाकायला तो बरा पडत होता.

नेमका तेव्हाच चहा घेऊन आलेला वेटर थांबला. "दाढ? अहो साहेब, मग नशीबवान आहात! आपल्याकडे दातांचे डॉक्टरच उतरलेत. ते बघा. डॉक्टरसाहेब! ओ डॉक्टरसाहेब! कुठे गेले? आत्ता तर इथे होते!"

"खाली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अहो, वर या. पेशंट आलाय."

डॉक्टर चमचा घेऊन वर आले. त्यांचा चेहरा कपाळापर्यंत लाल झाला होता.

"मी सुटीवर आहे," ते म्हणाले.

"म्हणून काय झालं? बिचारे एवढे कळवळतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"थांबली दाढ," चेनवाले म्हणाले. "एकदम थांबली."

"डॉक्टरांना बघून सगळ्यांचीच थांबते," बायको म्हणाली आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला उठवलं. "चला. लहान मुलासारखं करू नका."

बाहेर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत चेनवाल्यांना बसवलं. उजेडाकडे तोंड करून त्यांना आ करायला लावला. हत्यार नव्हतं म्हणून डॉक्टरांनी तोच मघाचा चमचा धुऊन घेतला आणि तो जिभेवर दाबून आत वाकले. दोन्ही बायका शेजारच्या बाकावर बसल्या.

"तुम्ही इथे काय करताय?" डॉक्टर चेनवाल्यांच्या घशात कुजबुजले.

"आँ," चेनवाले म्हणाले. चमचा जिभेवर असताना याहून जास्त सांगता येत नव्हतं.

"आपली ओळख नाही. कळलं? कधीच भेटलो नाही आपण."

"आँ आँ."

"काय म्हणतायत हो?" बायकोने विचारलं.

"दुखतंय म्हणतायत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. "अरे, पण ही डावीकडची दाढ खरंच किडलीय! किती दिवस असं ठेवलंय? काढायला हवी."

अशा रीतीने चेनवाल्यांचं खोटंही खरं निघालं, पण त्याचा त्यांना काही फायदा झाला नाही. त्यांना फक्त एवढंच समजेना की बॅग त्यांनी ढापली असताना घाम डॉक्टरांना का फुटला होता.

इकडे बाकावर दोन्ही बायकांची गट्टी जमली होती. दोघींच्या लेकी सासरी होत्या. दोघींच्या नवऱ्यांना जोरात घोरायची सवय होती. आणि दोघींना त्यांच्या नवऱ्यांनी सुटीवर स्वतःहून कधी आणलं नव्हतं.

"पण यांनी या वेळी भेट आणली हं मला," बायको म्हणाली.

"काय सांगता! नशीब लागतं बाई. आमचे तर मी दिलेली भेटही सांभाळू शकले नाहीत. मोठी कहाणी आहे ती. काय दिलं तुम्हाला?"

"दाखवतेच तुम्हाला. दुपारी या ना खोलीवर, चहाला. समोरून तळं पण दिसतं."

चेनवाल्यांनी चमच्यासकट तोंड मिटलं.

दुपारी बायको चहाचं सांगायला खाली गेली आणि चेनवाले कामाला लागले. बॅगेतले कपडे त्यांनी पलंगावर ओतले, बॅग टॉवेलात गुंडाळली आणि मागच्या जिन्याने उतरले. हॉटेलच्या मागे मोकळी जागा होती. तिथे दोऱ्यांवर धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या. चादरींच्या पलीकडे अडगळीची खोली होती. बॅग तिथे टाकायची आणि खोलीतून चोरीला गेली म्हणून सांगायचं, असा त्यांचा बेत होता. बायकोला वाईट वाटेल, पण भेट चोरीला गेल्याचं दुःख वेगळं आणि भेट भेटच नव्हती याचं वेगळं. पहिलं त्यांना परवडणार होतं.

दुसऱ्या चादरीमागे डॉक्टर उभे होते.

"दूर ठेवा ती!" डॉक्टर म्हणाले. "टॉवेलातून सुद्धा ओळखू येतेय. पितळी कोपरा बाहेर आलाय."

"डॉक्टरसाहेब, मला माफ करा," चेनवाले म्हणाले. "चूक झाली. तुमची बॅग मी न विचारता वापरली. आत्ताच्या आत्ता घेऊन जा."

"घेऊन जा? वेड लागलंय का तुम्हाला? ती बॅग चोरीला गेलीय!"

"चोरीला नाही हो, माझ्या माळ्यावर होती."

"तेच तर! घरी मी चोरीला गेली म्हणून सांगितलंय." डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चादर ओढून घेतली. "हिने मला वाढदिवसाला दिली होती ती. जपून वापरा म्हणाली होती. मी पहिल्याच प्रवासात स्टेशनवर तिच्यावर बसलो. आता या वजनाचा माणूस बसल्यावर काय होणार! तुमच्याकडे टाकली आणि म्हटलं, नीट झाली की गुपचूप आणू. पण तोवर हिने विचारलं, बॅग कुठेय. मी घाबरून म्हणालो, चोरीला गेली. मग ही इतकी हळहळली की दुसऱ्याच दिवशी तिने दुसरी आणून दिली. हिच्याहून मोठी. आता सांगा, ती पहिली बॅग मी कोणत्या तोंडाने घरी नेणार होतो?"

चेनवाल्यांना एकदम बरं वाटलं. घाम का फुटला होता ते कळलं, आणि शिवाय जगात आपण एकटेच नाही हेही कळलं.

"आपण दोघंही अडकलोय," ते म्हणाले.

"एकाच बॅगेत," डॉक्टर म्हणाले. "चला, धरा एका बाजूने. अडगळीत टाकू."

सारखा निसटणारा टॉवेल दोघांनी काढून टाकला, बॅग दोन बाजूंनी धरली आणि वाकून निघाले. बॅग रिकामी होती, एकाच्याही हाताला जड झाली नसती. पण एकट्याने नेण्याचा धीर दोघांनाही नव्हता. शेवटची चादर बाजूला सारून ते बाहेर आले, आणि समोर चहाचा ट्रे घेतलेल्या वेटरमागे दोन्ही बायका उभ्या होत्या. खोलीत उकडतंय म्हणून चहा बाहेर झाडाखाली घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बॅगेकडे पाहिलं. जवळ आल्या. चेन उघडून आत डोकावल्या. मग किंचाळल्या.

"माझं फूल! अहो, हे माझ्या हातचं फूल! ही आपली चोरीला गेलेली बॅग! तुमच्या हातात कशी?"

डॉक्टर चांगले गृहस्थ होते. पण घाबरल्यावर चांगला माणूसही आधी स्वतःलाच वाचवतो. त्यांनी चेनवाल्यांकडे बोट केलं.

"यांच्याकडे सापडली!"

पुढचं सगळं भराभर झालं. वेटरने ट्रे खाली ठेवला आणि तो मॅनेजरला बोलवायला पळाला. मॅनेजर आला, त्याच्यामागून आचारी आला, आणि वरच्या गच्चीतून आणखी पाहुणे डोकावले. मॅनेजर घसा साफ करून म्हणाला, "साहेब, हॉटेलच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. ही बॅग तुमच्याकडे कुठून आली, तेवढं सांगा. नाहीतर मला पोलिसांना बोलवावं लागेल."

चेनवाले डॉक्टरांकडे बघत होते. डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. एक वाक्य बोलायचा अवकाश होता. ही यांनीच माझ्याकडे दुरुस्तीला दिली, एवढंच. पण ते वाक्य बोललं की बायकोलाही कळणार होतं. आणि न बोलावं तर बायको चोराची बायको ठरणार होती. गच्चीतल्या बायका तिच्याकडे बघतच होत्या. बॅग तीच मिरवत होती ना कालपासून.

चेनवाल्यांनी हातातली बॅग खाली ठेवली.

"बॅग माझी नाही," ते म्हणाले. "माझं दुरुस्तीचं दुकान आहे. ही कधीकाळी दुकानात आली होती, न्यायला कोणी आलं नाही. परवा मी ती माळ्यावरून काढली आणि बायकोला म्हणालो, तुझ्यासाठी भेट आणलीय. ते खोटं होतं. तिला यातलं काही माहीत नाही. तिच्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा."

 बायकोने ट्रेमधला कलंडलेला कप सरळ केला.

"पण दुकानात दिली कोणी?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "तोच चोर! आठवतो का कसा दिसायचा?"

डॉक्टरांनी डोळे घट्ट बंद केले. चेनवाल्यांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. सकाळपासून त्यांना ती सवयच झाली होती.

"मला आठवतो," बायको म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. डॉक्टरांनी एक डोळा उघडला.

"मी होते तेव्हा दुकानात. उंच होता. चांगलाच उंच. काळा, हडकुळा. आणि मिशा होत्या, या एवढ्या."

डॉक्टरांनी दुसराही डोळा उघडला. "असेच असतात ते," ते म्हणाले. "मिशावाले."

"पण चोर कशाला दुरुस्तीला देईल?" डॉक्टरीणबाईंना ते पटेना.

"मग काय करेल? मोडकी बॅग कोण विकत घेणार त्याच्याकडून?"

 मॅनेजरच्या चेहऱ्यावरून दिसलं की त्याला पोलीस नको होतेच. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले, बॅग जवळ घेतली आणि म्हणाल्या, "हँडल मात्र किती सुरेख बसवलंय. आधीच्यापेक्षा छान."

"आधीचं नुसतं चिकटवलेलं होतं," चेनवाल्यांच्या तोंडून गेलं. "मी आतून चामडी पट्टी देऊन रिबीट ठोकलंय. आता हिच्यावर कोणी बसलं तरी काही होणार नाही."

"बसेल कोण बॅगेवर!" डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. जाताना त्यांनी चेनवाल्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन इतका दाबला की बोटं आखडली. "दाढ," ते म्हणाले, "कधीही या. कधीही."

खोलीत पलंगभर कपडे पसरलेले होते. खुर्ची रिकामी होती. पण चेनवाले तिच्यात बसले नाहीत. बायको घड्या घालायला लागली.

"रागावलीस?"

"त्या टॉवेलाला माती लागलीय. हॉटेलचा आहे तो."

"अगं, मी काय विचारतोय?"

बायकोने हातातला सदरा खाली ठेवला. "माळा कोण झाडतं आपला?"

चेनवाले विचारात पडले. माळा कोणी झाडतं हेच त्यांना आजवर सुचलं नव्हतं.

"दर वर्षी त्या बॅगांवरचा कागद मी बदलते. लाल बॅग कुठे आहे, फूल कुठे आहे, सगळं पाठ आहे मला. आणि तो डॉक्टर ही बॅग टाकून गेल्यापासून आपल्या दुकानासमोरून जाताना ऊन-पाऊस काही नसलं तरी छत्री उघडून आडवी धरतो. तेव्हापासून ओळखते मी त्याला."

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही 'तुझी' म्हणालात ना, त्याच्याही आधीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? इतक्या वर्षांत तुम्ही कशाकडे बोट दाखवून मला 'तुझी' म्हणाला नव्हतात. म्हटलं, चार दिवस असू दे माझी." आणि ती परत घडीला लागली. "शिवाय तुम्ही खोटं कसं बोलता तेही बघायचं होतं. अगदीच वाईट बोलता."

चेनवाल्यांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "चल. बाजारात जाऊ. खरीखुरी भेट घेऊ. तू निवड."

ती सबंध संध्याकाळ बाजारात गेली. आधी चेनवाले तिला बॅगांच्याच दुकानात घेऊन गेले. बायकोने एक निळी बॅग हातात घेतली. चेनवाल्यांनी चेन ओढून पाहिली आणि दुकानदारासमोरच म्हणाले, "पावसाळाभर टिकणार नाही." दुसऱ्या बॅगेचं हँडल त्यांनी वाकवलं, तिसरीचं अस्तर उलटं केलं. दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, ती कान देऊन ऐकायला लागली आणि हातातल्या बॅगा खाली ठेवायला लागली. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "काका, तुम्ही फुकट काही न्या, पण न्या आणि जा!"

बायकोने त्यांना बाहेर ओढलं. "बॅग नको मला."

"मग घड्याळ?"

"बंद पडलं की तुम्ही टेबलावर उघडून बसाल."

"छत्री?"

"तीही." ती चालता चालता थांबली. "अहो, आपल्या घरातली एकूण एक वस्तू तुम्ही दुरुस्त केलेली आहे. पंखा, इस्त्री, माझा चष्मा, पलंगाचा पाय. कशालाही हात लावला की तुमचा एक खिळा लागतो. मला अशी वस्तू घ्या, जिला तुमचा हात लागणार नाही."

ती काचेच्या वस्तूंच्या दुकानात शिरली आणि तिथे वेळ न घालवता एक फुलदाणी निवडली. फिकट हिरवी, पातळ काचेची. उजेडात धरली की पलीकडचा माणूस हिरवा दिसे. चेनवाल्यांनी ती बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"हिला काही झालं तर माझ्याकडे उपाय नाही हं."

"म्हणूनच," बायको म्हणाली.

परतताना बॅग नव्हती. मॅनेजरने धोब्याकडे कपडे पाठवायची एक मोठी कापडी पिशवी दिली. तिच्यात सगळे कपडे कोंबले आणि वर गाठ मारली. हॉटेलच्या दारात डॉक्टर भेटले. त्यांच्या एका हातात लाल बॅग होती आणि दुसऱ्या हातात ती मोठी. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की आता दोन्ही बॅगा हातातून सोडायच्या नाहीत, चोर कुठेही असतो. डॉक्टरांना मान खाजवायची होती आणि ते ती दाराच्या चौकटीवर घासत होते.

बसमध्ये चेनवाल्यांनी फुलदाणी मांडीवर दोन्ही हातांनी धरली. खड्डा आला की ते स्वतः सीटवरून उठत आणि फुलदाणी जागेवर ठेवत. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "काय आहे हो काका?"

"हिची आहे," चेनवाले म्हणाले.

वाटेत त्यांच्या नाकाला खाज सुटली. हात सोडायची सोय नव्हती. बायकोने बघितलं आणि सगळ्या बससमोर त्यांचं नाक खाजवून दिलं. लग्नानंतर जो प्रवास राहून गेला होता त्यात असं काही झालं असतं की नाही, कोण जाणे. चेनवाल्यांना मात्र नंतर कोणी त्या सुटीबद्दल विचारलं की तळं आठवत नसे. बसमधलं ते आठवे.

फुलदाणी खिडकीत ठेवली गेली. ती बायकोच धुवायची, बायकोच पुसायची, पाणीही तीच बदलायची. चेनवाले हातात दाभण घेऊन तिथून गेले तरी स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "लांबून! लांबून जा!" ते म्हणायचे, "मी काही करत नाहीये!" असं कितीतरी वर्षं चाललं. फुलदाणीला ओरखडासुद्धा आला नाही.

मग बायको आजारी पडली. डॉक्टर झाले, औषधं झाली. चेनवाले तिच्या पलंगाशेजारी बसून असत आणि त्यांच्या हातांना करण्यासारखं काही नसे. पलंगाचा पाय त्यांनी पुन्हा एकदा घट्ट केला, तो मुळात हलत नव्हता. ती गेली तेव्हा खिडकीतल्या फुलदाणीत तिनेच सांगून लेकीकडून ठेवून घेतलेली फुलं होती.

लेक महिनाभर राहिली आणि मग तिला तिच्या घरी जावं लागलं. जाताना म्हणाली, "बाबा, फुलदाणीवर धूळ बसलीय. पुसून जाऊ का?"

"राहू दे. बघू," चेनवाले म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं. हात साबणाने नीट धुतले. एक मऊ फडकं शोधलं. दोन्ही हातांनी फुलदाणी उचलली, टेबलावर ठेवली, आतून पुसली, बाहेरून पुसली. त्यांचे हात जाड चामड्याला सरावलेले होते, या पातळ काचेवर बोटं किती दाबायची ते त्यांना कळत नव्हतं. पुसून झाल्यावर त्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि होती तशी, होती तिथेच परत ठेवली.

मग सवयीने त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून पाहिलं.

"फक्त पुसली गं," ते म्हणाले.